दात जुळेपर्यंत

मु. नरडाणे
ता. १४ नोव्हेंबर १९३८

चि. सौ. यशोदेस,

भाऊचे अनेक आशीर्वाद. वि. वि. पंडितरावांच्या पोटाची तक्रार थांबली का? सासूबाईंच्या गुडघ्यांना निर्गुडीचा शेक चालू आहे ना? तुझी कंबर कशी आहे ते तू कधी लिहीत नाहीस, या खेपेला लिही. आणि आमची भाची सुगी? तापातून उठली, आता पोटभर जेवते का? इकडे तुझी वहिनी बरी, आमची पोर झुंबर बरी. माझे म्हणशील तर कापसाची वेचणी सुरू झाल्यापासून पाठ माझी राहिलेली नाही.

सुगीचे वरचे दात पुढे येत आहेत, ते वाचले. जळगावला महिन्यातून एकदा येणारे मुंबईचे दातांचे डॉक्टर म्हणतात की आठव्या वर्षीच पट्टी-तार बसवा. सासूबाई म्हणतात सगळे दात येऊ द्या. आणि पंडितराव म्हणतात, भाऊंना विचारा, ते सांगतील तसे करू. बाजारात बैलाचा जबडा उघडून वय सांगतो, एवढ्यावर माझी ही कीर्ती! तर ऐक. गोऱ्हा दोन दाती झाला, चार दाती झाला, तरी त्याच्या तोंडाचा भरवसा नाही. सगळे दात जुळले की मग खरा आकार दिसतो. पोरीचेही तसेच. पडलेला दात शेणाच्या गोळीत घालून घराच्या धाब्यावर फेक आणि तेरा वर्षांची होईतो थांब. तुझी वहिनी म्हणते की तुमनं बठ्ठं ग्यान बैलबाजारनं शे. सगळे ज्ञान बैलबाजारचे, म्हणू दे.

माया आहेच, ती आटू देऊ नये.

तुझा,
निंबाभाऊ

---

जळगाव
ता. २१ नोव्हेंबर १९३८

ती. भाऊंस,

यशोदेचा शि. सा. नमस्कार वि. वि. तुमचे पत्र ओसरीवर मोठ्याने वाचले. सासूबाईंनी बैलाचा भाग दोनदा वाचायला लावला आणि लढाई जिंकल्यासारखा सुगीच्या हातावर लाडू ठेवला. तेव्हा तुमच्या शब्दाने थांबायचे ठरले. डॉक्टर ११ डिसेंबरच्या रविवारी यायचे आहेत. त्यानंतर ते नवी मुले घेणार नाहीत, कारण घेतलेल्यांनाच दोन वर्षे दरमहा तपासावे लागते. असो.

माझी कंबर विचारलीत. दुखते. पण खरे सांगू, थकायला होते ते दुसऱ्याच गोष्टीने. शाळेतल्या मुली सुगीला फावडी म्हणतात. परवापासून ती हसताना तोंडावर हात धरू लागली आहे. क्षणभर मला वाटले, आपली झुंबरच समोर बसली आहे.

वहिनींना नमस्कार. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्यावा.

तुमची,
यशोदा

---

मु. नरडाणे
ता. २६ नोव्हेंबर १९३८

चि. सौ. यशोदेस,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र तिन्हीसांजेला आले. त्या वेळी मला दिसत नाही, म्हणून झुंबरने वाचून दाखवले. शेवटी तिचे नाव आले तिथे ती थांबली. मग ती ओळ तिने त्याच आवाजात पुन्हा वाचली, पत्र घडी घालून माझ्या मांडीवर ठेवले आणि सरकी निवडायला बसली. थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाली की आबा, आत्याला खरे लिहा, नाहीतर मी लिहिते.

तर खरे लिहितो. झुंबर नऊ वर्षांची असताना मास्तर म्हणाले होते की मुंबईला दाखवा, तिथे तार बसवतात. मी त्यांना हेच बैलाचे ऐकवले होते. तीन वर्षांपूर्वी मी बियाण्यासाठी धुळ्याला गेलो असे तुला लिहिले होते ना, ते खोटे. झुंबरला घेऊन दातांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. ती तेव्हा सोळाची. त्यांनी जबडा दाबून पाहिला आणि म्हणाले, हाड आता पक्के झाले, दोन दात काढूनही खात्री देता येत नाही. वाढत्या वयात का नाही आणलेत? मी बैलाचे सांगितले. ते हसले नाहीत. हसले असते तर बरे झाले असते.

आता ती एकोणीसची. तीन स्थळे बघून गेली. तिसऱ्यांच्या पुढे सुपारीचे तबक धरले तेव्हा तिने पदराचे टोक दातांत धरले होते. पाहुण्यांनी मुलगी मुकी आहे का म्हणून विचारले.

मग तुला पुन्हा तेच का लिहिले, म्हणशील. बाई, दुसरे काही लिहिले असते तर माझ्या पोरीचे नुकसान माझ्याच हातून झाले, हे कबूल करावे लागले असते. या वयात तेवढे ओझे उचलवेना, म्हणून सुगीच्या डोक्यावर दिले.

थांबू नका. जबडा वाढता आहे तोवरच दाखवायचे. तार आज बसवायची की दोन वर्षांनी, ते डॉक्टर ठरवतील. मी आणि झुंबर शुक्रवारी, ९ तारखेला गाडीने निघतो. सुगी तार बघून घाबरेल, तेव्हा शेजारी मी बसेन, असे झुंबर म्हणते. मला म्हणाली, तुम्ही बाहेर थांबा.

सासूबाईंना हे पत्र वाचून दाखव. बैलाचा भाग दोनदा वाच.

स्टेशनावर कोण येईल ते उलट टपाली कळव. उशीर करू नकोस, आधीच फार झाला आहे.

तुझा,
निंबाभाऊ