परत ओतलेलं बफर

३ मार्च, सकाळी ९.४०
आजपासून रोज आठला लॅबमध्ये हजर.
हृदयाच्या पेशींना लॅक्टेट दिलं. लॅक्टेट आत शिरताना आम्ल सोबत नेतं. पेशी आंबट होते, मग आम्ल बाहेर ढकलून दहा मिनिटांत सावरते, असं पुस्तकं सांगतात. माझ्या पेशी सावरत नाहीत. सलग सोळा. पुस्तकं तपासायला हवीत.

११ मार्च
एकूण सदतीस. मॅडमनी विचारलं, पीएच मीटर नीट कॅलिब्रेट करतेस ना? वाईट वाटलं. माझ्याइतकं नीट कोण करतं? चौथीपर्यंत बाबांनी घरीच शिकवलं. काही वाया घालवायचं नाही, हा पहिला धडा. मीटरला ज्या बफरवरून सात म्हणजे किती ते कळतं, ते वापरून झालं की मी परत बाटलीत ओतते. बाकीच्या सरळ सिंकमध्ये फेकतात!
शोधनिबंधाचं शीर्षक सुचलं.

१४ मार्च
सिनिअर ताईने सहज विचारलं, वापरलेलं बफर कुठे टाकतेस गं? म्हटलं, सिंकमध्ये. का म्हटलं, देव जाणे. ती बघत राहिली.
हे खोटं नव्हे. थोडं सांडतंच सिंकमध्ये.

१५ मार्च
बफरची नवी बाटली फोडून ताडून पाहिलं. मीटर ७.४ दाखवतो तेव्हा खरं ७.१, म्हणजे जास्त आंबट. माझं उष्टं बफर! म्हणजे याच मीटरवर जुळवलेलं माझं लॅक्टेटचं द्रावणच आंबट. बाहेरच आंबट असेल तर पेशी आम्ल ढकलणार कुठे?
आणि ती जुनी बाटली तर सगळ्यांची. ताईचा प्रबंध पुढच्या महिन्यात. तिचे सगळे आकडे मी नासवले. उद्या नक्की सांगते.

१६ मार्च
ताईचा मूड नव्हता. मूड बघून सांगणं हाही प्रामाणिकपणाच.

२० मार्च
माफीपत्राचा चौथा मसुदा. हा जरा लांबलाय.

२२ मार्च, दुपारी
सांगितलं. पत्र हातातच राहिलं. ताई म्हणाली, अगं वेडाबाई, तुला ओतताना पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं. तेव्हापासून आमची वेगळी बाटली कपाटात असते. त्या दिवशी विचारलं, म्हटलं स्वतःहून सांगशील.
म्हणजे नासलं ते फक्त माझं. सदतीस पेशी रद्द.
विचारलं, मग आधीच का नाही सांगितलंत? म्हणाली, तू केवढं मनाला लावून घेतेस, सांगणार कोण?
मी अजिबात मनाला लावून घेतलेलं नाही. बाथरूममध्ये जेमतेम वीस मिनिटं होते.