यादीतलं शेवटचं नाव

२८ ऑगस्ट, बुधवार

पालिका निवडणुकीची पक्षाची यादी छापून आली. माझं नाव सर्वांत शेवटी — आणि त्याचाच आनंद! आमच्याकडे शेवटची जागा म्हाताऱ्यांना मान म्हणून देतात, निवडून येण्यासाठी नव्हे. मंत्री झालो, राजदूत झालो, मासळीच्या वाट्यावरून रशियनांशी वर्षानुवर्षं भांडलो. पण या बेटानं मला कधी निवडून दिलं नाही. तरुणपणी पालिकेला उभा राहिलो, सपशेल पडलो, आणि ओस्लोची बोट धरली.

यादीत तिसरी रागना, आमच्या शाळेची मुख्याध्यापिका. नगराध्यक्ष ओड्वार शाळा बंद करून पोरांना रोज बोटीनं पलीकडे धाडणार म्हणतो. ते अडवायलाच ती उभी आहे.

३१ ऑगस्ट, शनिवार

रागनाबरोबर धक्क्यावर प्रचार. ती शाळेचं पोटतिडकीनं सांगत होती, मी वॅफल खात होतो — आणि लोक माझ्याभोवती! "तो रशियन मंत्री बोटीवर रुसून बसला होता, ते सांगा." सांगितलं. मग समुद्राची कविता म्हटली. शाळेत पेट्राबाईंनी शेगडीजवळ उभं करून पाठ करून घेतलेली. मधेच अडलो, तर दुकानवाल्या हाल्डिसनं पुढचं कडवं उचललं. तीही त्याच बाईंची विद्यार्थिनी! त्या वर्गातला ओल्या लोकरी मोज्यांचा वास आला, अगदी खरा.

निघताना हाल्डिस म्हणाली, "राजदूतसाहेब, मतपत्रिकेवर तुमच्या नावापुढे खूण करते हं."

"अगं, मी तळाला. रागनापुढे कर."

"ती येतेच आहे निवडून. तुम्हाला आपली मानाची."

मी फार ताणलं नाही. गोड वाटलं.

४ सप्टेंबर

ज्या घरी जावं तिथे कॉफी आणि कविता. किती वर्षांनी असा जगतोय!

९ सप्टेंबर, सोमवार

मत पक्षाच्या यादीला दिलं. खूण रागनापुढे; खुणा जास्त, तितकं नाव वर.

१० सप्टेंबर, मंगळवार

निवडून आलो! या बेटानं मला निवडलं! सकाळभर पाय जमिनीवर नव्हते. आई असती तर धक्क्यावर जाऊन सांगत सुटली असती.

दुपारी आकडे नीट पाहिले. पक्षाला जागा तीनच. खुणांच्या जोरावर मी तळातून वर आलो, आणि तिसरी जागा गेली ती रागनाची.

दुकानात गेलो तर हाल्डिसचे डोळे लाल. "मला वाटलं, मी एकटीच करतेय. शेजारणीलाही तसंच वाटलं. सगळ्यांनाच."

११ सप्टेंबर, बुधवार

रागनाकडे गेलो. वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "या. रशियन परवडले, तुम्ही नाही."

"मी जागा सोडतो. माझ्यामागे तुझाच नंबर आहे."

"मनात आलं म्हणून सोडता येत नाही. पालिकेच्या सभेनं मोकळं करावं लागतं."

"करतील की. एक्याऐंशीचा म्हातारा, हृदय कमजोर. कोण अडवणार?"

तिनं कॉफी ओतली. मी तिथेच अर्ज लिहिला. उभ्या आयुष्यात मिळालेली या बेटाची एकुलती एक जागा, ती परत केली. पण शाळा वाचेल.

२ ऑक्टोबर

उद्या सभा. नवा सदरा इस्त्री केला. एक दिवस तरी त्या खुर्चीत बसेन!

३ ऑक्टोबर, गुरुवार

अर्ज नामंजूर. ओड्वारच्या सगळ्या माणसांनी हात वर केले. वर तो म्हणाला, "असं रत्न सोडायचं कसं? राजदूतसाहेब, तुम्ही नुसतं बसा. डुलकी आली तर घ्या." सभा हसली. मीही हसलो.

मग त्यांच्याच बाकावरच्या दोघांना, पेट्राबाईंच्याच वर्गातल्या, रविवारी जेवायला बोलावलं. कॉड मासा करतो म्हटलं. आनंदानं हो म्हणाले. ओड्वारचं बहुमत दोनच मतांचं आहे.

रागनाला निरोप धाडला — शाळेचे सगळे कागद घेऊन रविवारी सकाळीच ये.