छपरावरील पॅनेल पुन्हा उत्तरेकडे न फिरवण्याबाबत

दिनांक : ९ डिसेंबर

प्रति,
मा. संचालक,
आंतरराष्ट्रीय विद्यापीठ भागीदारी कक्ष
(हरित रोजगार कौशल्य विभाग),
तंत्रशिक्षण भवन, दुसरा मजला.

विषय : सरकारी दवाखान्याच्या छपरावरील सोलर पॅनेल सध्या सूर्याकडे तोंड करून आहेत, ती तशीच राहू देण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचा आदेश, ‘पॅनेल पूर्ववत करणे’.
२) अर्जदाराचे याच विषयावरील यापूर्वीचे अर्ज (पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही).

महोदय,

अर्जदार हा आपल्याच इमारतीच्या फाटकाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करून देणारा मनुष्य आहे. आपली गाडी आत वळते तेव्हा डाव्या हाताला जी ताडपत्री दिसते ती त्याची. या भवनात आलेले पुष्कळ अर्ज त्याच्याच मशीनवर निघाले असल्याने अर्जांचे पुढे काय होते याची त्याला पुरेपूर कल्पना आहे. तरीही तो हा अर्ज करीत आहे, कारण त्याला दुसरे काही करता येत नाही.

१. अर्जदाराची कन्या ही आपल्या कक्षाच्या भागीदारी अभ्यासक्रमाच्या पहिल्या तुकडीची विद्यार्थिनी. पँटच्या मागच्या खिशात सदैव पाना खोचलेला असल्याने वस्तीत तिला ‘पानेवाली’ म्हणतात. हा अभ्यासक्रम इथले तंत्र महाविद्यालय आणि समुद्रापलीकडचे, पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धातले एक नामांकित विद्यापीठ यांनी मिळून चालवला. तरुणांच्या हाताला हरित रोजगाराचे कौशल्य मिळावे, हा उद्देश. त्याबद्दल अर्जदाराची काहीही तक्रार नाही. पुस्तके तिकडची, परीक्षक तिकडचे, मुले आणि छप्पर इकडचे, अशी वाटणी होती. मुलांनी जीव ओतून अभ्यास केला. कन्या जेवताना बॅटरीविषयी बोलू लागली की ताट गार होई. अर्जदाराची पत्नी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत असे की, आता आमच्या पोरीला उन्हावर पगार मिळणार.

२. शेवटचे प्रात्यक्षिक म्हणून सरकारी दवाखान्याच्या छपरावर मुलांनी स्वतः पॅनेल बसवायची होती. पुस्तकात लिहिले होते, पॅनेलचे तोंड उत्तरेकडे ठेवावे. ज्या देशात ते पुस्तक लिहिले गेले तिथे सूर्य उत्तरेच्या अंगाने जातो, तेव्हा लिहिणाऱ्याचे काहीच चुकलेले नाही. आपल्याकडे तो दक्षिणेच्या अंगाने जातो. हे आपल्याला, प्राचार्यांना, मुलांना आणि दवाखान्यात चादरी वाळत घालणाऱ्या आयाबाईंना, सर्वांनाच ठाऊक होते. न कळल्यामुळे काही घडले असे कृपया समजू नये. कन्येने भर वर्गात विचारले. पडद्यावरचे परदेशी प्राध्यापक भले गृहस्थ. ते म्हणाले, तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ते ठरते, तुमच्या महाविद्यालयाला विचारा. प्राचार्य म्हणाले, “बाळ, गुण फोटो पाहून मिळतात. फोटो पुस्तकातल्या आकृतीशी जुळला पाहिजे. आधी पास व्हा, मग हवी तिकडे फिरवा.” मुलांना ते पटले. त्यांनी पॅनेल उत्तरेकडे तोंड करून, पुस्तकातल्यासारखी चांगली उभी तिरकी बसवली. फोटो गेले. सगळी तुकडी पास झाली.

३. मग उद्घाटन झाले. आपण स्वतः फीत कापलीत. फीत कापून झाल्यावर प्रत्येक बोल्टावर दोन्ही विद्यापीठांची शिशाची सीले ठोकण्यात आली, कारण करारातील एका कलमानुसार ती पॅनेल आता ‘मूल्यांकित संरचना’ ठरली होती आणि संयुक्त समितीच्या मंजुरीवाचून तिला हात लावता येत नव्हता. ‘मग फिरवा’ यातला ‘मग’ तिथे संपला. समितीची बैठक वर्षातून एकदा. ती पुढे ढकलली गेली, कारण तिकडच्या आणि इकडच्या सुट्ट्यांचा मेळ बसेना. पुढे कन्येला त्याच दवाखान्यात पॅनेलच्या देखभालीची नोकरी मिळाली. घरातली पहिली पक्की नोकरी. रोज सकाळी छपरावर जायचे आणि सूर्याकडे पाठ करून बसलेली पॅनेल पुसायची, असे तिचे काम होते. ते तिने एक दिवसही चुकवले नाही.

४. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने कसेबसे भागले. आपल्या अहवालात ‘समाधानकारक’ असा शेरा आला. दिवस लहान होऊ लागले तशी बॅटरी अर्धीमुर्धी भरू लागली. कन्येने महाविद्यालयाला कळवले. महाविद्यालयाने आपल्या कक्षाकडे बोट दाखवले, कक्षाने समितीकडे. परदेशी प्राध्यापकांनी स्वतःहून पत्र पाठवले की, अहो, खुशाल फिरवा. ते पत्र समितीमार्फत आले नसल्याने विचारात घेता आले नाही. मग अर्जदाराने मशीनवर बसून संदर्भ क्र. २ चे अर्ज केले. आवक खिडकीवरचे लिपिक अर्जदाराला रोज बघतात, आपुलकीने वागतात. ते म्हणाले, “काका, उन्हाळा निघाला ना? मग हिवाळा पण निघेल. कशाला जिवाला लावून घेता?”

५. अर्जदाराची पत्नी सूतगिरणीत कामाला होती. कापसाच्या धुळीने तिची फुप्फुसे निकामी झाली होती आणि थंडी वाढली की तिला दवाखान्यात ऑक्सिजनच्या मशीनवर ठेवावे लागे. खिडकीजवळची खाट तिची ठरलेली. वीज गेली की मशीन बॅटरीवर चालावे आणि बॅटरी छपरावरच्या पॅनेलने भरावी, अशी योजना. त्या दिवशी दुपारी वीज गेली. बाहेर लख्ख ऊन होते. महोदय, हे वाक्य अर्जदाराने खोडून पुन्हा टाइप केले आहे, पण ते तसेच येते. बाहेर लख्ख ऊन होते आणि बॅटरी रिकामी होती. मशीनची घरघर बंद झाली. सिस्टर हाताने श्वासाचा फुगा दाबत राहिल्या. वॉर्डबॉय सिलिंडर आणायला मोठ्या रुग्णालयाकडे धावला. कन्या आईच्या पायाशी उभी होती, अर्जदार उशाशी. बॅटरी का भरली नाही हे तिला माहीत होते आणि तिच्या आईलाही माहीत होते, कारण घरात कित्येक महिने दुसरा विषय नव्हता. पत्नीने एकदा हात उचलला. कन्या म्हणते, आई वर छपराकडे दाखवत होती. अर्जदाराच्या मते ती नुसती जवळ ये म्हणत होती. यावर घरात अद्याप एकमत झालेले नाही. सिलिंडर आले तेव्हा त्याचा उपयोग उरला नव्हता.

६. आईला पोचवून आल्यावर दुसऱ्या सकाळी कन्या पाना घेऊन छपरावर गेली. तिने सीले तोडली, बोल्ट सैल केले, एकेक स्टँड ओढून दक्षिणेकडे फिरवला आणि पुन्हा आवळला. कोणी मदत केली नाही, कोणी अडवलेही नाही. सिस्टर गच्चीच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. खाली आली तेव्हा तिचे तळहात सोलवटले होते. संध्याकाळी बॅटरी काठोकाठ भरली. तेव्हापासून वीज कितीही वेळा गेली तरी ते मशीन थांबलेले नाही. त्याचा अर्जदाराच्या घरी आनंद झाला, असे म्हणता येणार नाही.

७. सील तोडल्याबद्दल आपल्या कक्षाने कन्येचे प्रमाणपत्र रद्द केले आणि पाठोपाठ नोकरी गेली. ते आम्ही सोसले. आता संदर्भ क्र. १ चा आदेश आला आहे. करार वाढवण्यासाठी परदेशी शिष्टमंडळ पुढच्या आठवड्यात पाहणीला येत असून त्यांच्या कागदावरच्या आकृतीशी छप्पर जुळले पाहिजे, सबब पॅनेल उत्तरेकडे करावीत, आणि ज्या व्यक्तीने बदल केला तिनेच, प्रमाणपत्र नसल्याने पर्यवेक्षणाखाली, ती पूर्ववत करावीत. तसे न झाल्यास पोलिसांत तक्रार होईल आणि पुढच्या तुकडीचे प्रवेश स्थगित होतील. अर्जदाराने आयुष्यभर सरकारी भाषा टाइप केली आहे, त्यामुळे आदेशाच्या मसुद्यात त्याला एकही चूक काढता आली नाही.
प्रवेश घेतलेली पोरे आईबापांना घेऊन आमच्या घरी येऊन बसतात. चांगली माणसे आहेत, सांत्वनाला येतात आणि चहा झाला की तो विषय काढतात. “ताई, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. पाहुणे गेले की परत फिरव.” हे आम्ही आधी एकदा ऐकले आहे. खिडकीजवळच्या त्या खाटेवर सध्या वस्तीतल्या गवंड्याची सून आहे. तिला आठवा महिना असून छातीत कफ धरला आहे. गवंड्याचा धाकटा मुलगा पुढच्या तुकडीत आहे, त्यामुळे गवंडी आमच्याकडे येतो, पण चहा व्हायच्या आधीच उठून जातो.

८. वरील परिस्थितीत अर्जदाराच्या विनंत्या खालीलप्रमाणे आहेत. पहिली मान्य न झाल्यास दुसरी, या क्रमाने त्या वाचाव्यात.

(अ) पॅनेल आहेत तशी ठेवून आदेश रद्द करावा.

(आ) ते शक्य नसल्यास थंडी संपेपर्यंत आदेश स्थगित ठेवावा. उन्हाळ्यात पॅनेलचे तोंड कुठेही असले तरी दवाखान्याचे भागते, असे आपलाच अहवाल म्हणतो.

(इ) तेही शक्य नसल्यास शिष्टमंडळाला छपरावर न नेता उद्घाटनाचा फोटो दाखवावा. तो आपल्या दालनात खुर्चीमागे लावलेला आहे. त्यात पॅनेल आकृतीबरहुकूम आहेत. दुसऱ्या रांगेत, खांबाशेजारी, जोरजोराने टाळ्या वाजवणारी बाई अर्जदाराची पत्नी आहे.

(ई) यांपैकी काहीच बसत नसेल तर पॅनेल फिरवावीत. आपल्यापुढे अर्जदाराचे काही चालणार नाही. मात्र ती कन्येकडून फिरवून घेऊ नयेत. ती नाही म्हणेल अशी आशा होती. काल त्या पोरांना तिने हो म्हणून सांगितले, आणि पाना पुसून दाराशी ठेवला आहे. तेव्हापासून ती जेवलेली नाही. सांगितले तसे पॅनेल बसवून तिने एकदा पाहिले आहे, महोदय. माझ्या मुलीच्या हातून ते दुसऱ्यांदा करून घेऊ नका. मला छपरावर चढता येते. बोल्ट कुठल्या बाजूने सुटतो तेवढे कोणी दाखवावे, मी फिरवतो, आणि त्यानंतर त्या खाटेवर जे होईल ते माझ्या नावावर लिहावे.

फाटकाबाहेर, ताडपत्रीखाली, उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपला नम्र,
(सही)
अर्जदार, टंकलेखक

सोबत :
१) आपल्या आदेशाची प्रत.
२) पत्नीच्या मृत्यूचा दाखला.
३) उद्घाटनाच्या फोटोची प्रत. (पत्नीचा हसतानाचा दुसरा फोटो घरात नसल्याने ही प्रत काम झाल्यावर परत मिळावी.)