तांबड्या रश्शातलं टेंपे

प्रिय आई,

पत्र बघून दचकू नका. घरी सगळे ठीक आहेत. इशिताची परीक्षा बरी पार पडली, आणि जयेशची तब्येत उत्तम आहे, नको इतकी उत्तम आहे. फोनच केला असता, पण तुम्ही खानावळीत फोन स्पीकरवर टाकून भाकऱ्या थापता आणि पहिल्या बाकावरचं गिऱ्हाईक मध्येच मला विचारतं, "काय वहिनी, दिल्लीत थंडी काय म्हणते?" आज जे सांगायचंय ते गिऱ्हाइकापुढे सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहिते. दुपारची पंगत उठल्यावर, हात धुऊन, सावकाश वाचा.

तुमचा मुलगा सध्या बुरशी पिकवतो. हसू नका, खरंच. टेंपे म्हणतात तिला. सोयाबीन भिजवायचं, चोळून सालं काढायची, शिजवायचं, कोरडं करायचं, मग थोडं व्हिनेगर आणि एक पावडर लावायची. दह्याला विरजण लावतो ना, तसंच ते विरजण, फक्त बुरशीचं. भोकं पाडलेल्या पिशवीत भरून उबेला ठेवलं की दीड-दोन दिवसांत दाण्यांवर पांढरी लव चढते आणि सगळे दाणे एकमेकांना धरून वडीसारखा घट्ट ठोकळा होतो. इंडोनेशियात लोक हे पिढ्यान्‌पिढ्या खातात. तिकडच्या बायका केळीच्या पानात बांधून करतात म्हणे. त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्या खातात कारण त्यांना आवडतं आणि त्यांच्या अंगी लागतं. जयेश कशासाठी खातो ते सांगते.

गेल्या वर्षी त्याच्या ऑफिसात नवे साहेब आले. माणूस शाकाहारी, मंगळवारचा उपास करणारा. झालं, आमच्याकडेही मंगळवार सुरू झाला. मग शनिवार. मग श्रावण, तो संपल्यावर नवरात्र. दिवाळीनंतर एक दिवस फ्रिजमधला अंड्यांचा ट्रे खाली वॉचमनला देऊन टाकला आणि मला म्हणाला, "स्वरूपा, आता बिल्कुल बंद. मला आतूनच नको वाटतं." त्याला आतून काही वाटतं ही माझ्यासाठी बातमीच होती. साहेबांनी त्याला एका शब्दानं काही सांगितलं नव्हतं, आई, हे लक्षात ठेवा. कुणी वाकायला सांगितल्यावर वाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, आणि त्यांची मला कीवही येते. हा न सांगता वाकतो आणि वर सांगतो की पाठीचा व्यायाम चाललाय.

तुम्हाला माहीत आहे, मी शाकाहारी घरातली. साताऱ्याला माझ्या माहेरी अंडंसुद्धा आलं नाही कधी. लग्न होऊन गडहिंग्लजला आले तेव्हा तुम्ही वर्षभर माझ्यासाठी वेगळं पातेलं, वेगळी पळी ठेवलीत आणि त्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. एवढी मोठी खानावळ, मटणाच्या ताटासाठी बाहेर माणसं उभी, आणि तुम्ही आत माझ्यापुरती मुगाची आमटी करायचात. मग मी आपणहून एक दिवस पांढरा रस्सा मागितला, तेव्हाही तुम्ही फक्त वाटी पुढे केलीत. त्यामुळे जयेशनं मटण सोडलं म्हणून मी चिडलेय असं समजू नका. मनापासून सोडलं असतं तर मीही उद्यापासून सोडलं असतं.

पण मन कुठे आहे? आमच्या सोसायटीच्या जिममधला पोरगेला ट्रेनर एकदा त्याला म्हणाला, "सर, आपका मसल लूज़ हो रहा है, प्रोटीन लीजिए." त्या दिवसापासून साहेब (आमचे घरचे साहेब) आरशासमोर दंड दाबून बघायला लागले. पनीर झालं, सोयाचे गोळे झाले, आणि मग कुठल्याशा व्हिडिओत हे टेंपे सापडलं. पहिल्या खेपेला दाणे नीट कोरडेच केले नाहीत. नोएडातली जानेवारीतली थंडी, बाहेर धुकं, आत हीटरपुढे सोयाबीन. तिसऱ्या दिवशी पिशवी उघडली तर चिकट तार आणि असा वास की शेजारच्या भाटियाआंटी प्लंबरला घेऊन आल्या. दुसऱ्या खेपेला त्यानं ऊब राहावी म्हणून काय गुंडाळलं असेल? मामंजींचं काळं घोंगडं. तुम्ही इथे येताना त्यात बांधून लोणच्याची बरणी आणली होतीत, तेच. माळ्यावरून काढून त्यात सोयाबीन झोपवलं. दर तासाला जाऊन हात घालून बघायचा. इशिता म्हणाली, "मम्मा, पापा देख रहे हैं कि बेबी सो गया या नहीं." मला हसू आलं नाही. मामंजी गेले तेव्हा जयेश शाळेत होता. त्या घोंगड्याला त्यानं मोठेपणी असा प्रेमानं हात लावलेला मी पहिल्यांदाच पाहिला, तोही बुरशीसाठी.

असो. तिसऱ्या खेपेला जमलं. आणि आता खरं ते सांगते, टेंपे वाईट नाही लागत. तो नुसतं भाजून, वर मीठ-मिरपूड टाकून, डोळे मिटून गिळायचा. मला बघवेना. अन्नाचे असे हाल आपल्या घरात कुणी केले नाहीत. मग मीच हातात घेतलं. आधी दहाएक मिनिटं वाफवून घेतलं की त्याचा कडवटपणा जातो. मग बोटभर तुकडे करून आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण, हळद, मीठ चोळून ठेवायचं. नुसतं वाटण चोळून चालत नाही, मुरायला वेळ द्यावा लागतो. मग लोखंडी तव्यावर थोड्या जास्त तेलात चारही बाजू तांबूस होईपर्यंत परतायचं. बाहेरून कुरकुरीत, आतून दाणेदार. मी ते बटाट्याबरोबर करते, मेथीत घालते, इशिताच्या डब्यात पोळीत गुंडाळून देते. तीसुद्धा खाते. तुम्हाला करून घातलं तर तुम्ही एक तुकडा तोंडात टाकून "मीठ बरोबर आहे" म्हणाल, आणि तुमच्याकडून तेवढं मिळालं तरी पुष्कळ.

मागच्या महिन्यात साहेबांच्या डॉक्टरनं त्यांनाही प्रोटीन वाढवायला सांगितलं. ही बातमी जयेशला बढतीसारखी वाटली. "सर, मैं घर पर टेंपे बनाता हूँ," असं म्हणून त्यानं त्यांना सपत्नीक रविवारच्या जेवणाला बोलावलं. मला म्हणाला, "आईच्या रश्शासारखं कर, एकदम झणझणीत. साहेबांना वाटलं पाहिजे की काय चीज आहे." मी केलं. तुमचा कांदा-लसूण मसाला, ज्याला तुम्ही नुसती चटणी म्हणता, तो घालून. खोबरं भाजलं, तीळ भाजले, कट वर आला. टेंपेचे परतलेले तुकडे त्यात सोडले. आई, रंग तुमच्या रश्शाचा आला होता. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

साहेब सरळ माणूस निघाला. बाई हसतमुख. बसले, पहिला घास घेतला, आणि साहेब थांबले. तुकडा चमच्यानं दाबून बघितला. गमतीनंच म्हणाले, "जयेश, ये वेज ही है ना?"

एवढंच. आणि जयेशनं काय करावं? जे दाणे त्यानं स्वतः भिजवले, स्वतः सोलले, दोन दिवस घोंगड्यात जपले, त्यांच्याबद्दल एक वाक्य बोलायचं होतं. तो पांढराफटक पडला. माझ्याकडे बघितलं. मग खुर्ची मागे सारून उठला, स्वयंपाकघरात आला आणि ओट्याखालचा कचऱ्याचा डबा उघडून त्यात हात घातला. हाडं शोधत होता, आई. त्याला वाटलं, मी त्याला फसवून मटण घातलं. आमचं स्वयंपाकघर उघडंच आहे, टेबलावरून सगळं दिसतं. साहेबांच्या बाईंनी मान खाली घातली. पाहुणी बाई लाजली, घरचा माणूस लाजला नाही.

डब्यात कांद्याची सालं निघाली. तो हात धुऊन परत येऊन बसला आणि हसला. ते हसू मी तुम्हाला वर्णन करून सांगणार नाही. बाईंनी विषय बदलायला विचारलं, "भाभीजी, मसाला बहुत बढ़िया है, कहाँ का है?" मी म्हटलं, "मेरी सास बनाती हैं." साहेबांनी कौतुकानं विचारलं, "अच्छा, माँजी खुद बनाती हैं?" मी तोंड उघडायच्या आत जयेश म्हणाला, "नहीं सर, माँ तो प्याज़-लहसुन छूती भी नहीं. दिनभर भजन में रहती हैं." साहेब म्हणाले, "पर इसमें तो लहसुन है." तर म्हणे, "वो स्वरूपा के मायके का होगा."

माझ्या माहेरचं! साताऱ्याला माझी आई ऐकेल तर तिला हसावं की रडावं कळणार नाही. एका वाक्यात त्यानं तुमची चूल विझवली आणि माझ्या आईच्या घरी पेटवली. करोल बागच्या खोलीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता तेव्हा तुम्ही पाठवलेल्या सुक्या मटणाच्या डब्याची वाट त्याचे मित्र दारात उभं राहून बघायचे, हे त्यानंच मला लग्नाआधी अभिमानानं सांगितलं होतं. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात जेवायला गेलो की शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणायचा, "माझ्या आईची खानावळ आहे, रस्सा म्हणजे काय ते तिथे येऊन बघा." तो माणूस कुठे गेला मला माहीत नाही. जो राहिलाय तो नेहमी दुसऱ्याच्या ताटात बघून आपलं तोंड ठरवतो.

पुढचं ऐका. साहेबांनी दोनदा रस्सा मागून घेतला. निघताना मला म्हणाले, "हमारे पिताजी नॉनवेज खाते थे भाभीजी, माँ ने आँगन में उनका अलग चूल्हा रखा था. कभी झगड़ा नहीं हुआ." किती सहज बोलले! ज्यांच्यासाठी तुमचा मुलगा वर्षभर नाक मुठीत धरून बसला, त्यांना त्याचं काही नव्हतंच. मला वाटलं, आता तरी हा खरं सांगेल. याची मान नुसती डुलत राहिली. ते गेल्यावर मला म्हणाला, "तू मसाला थोडा कमी घालायला हवा होतास." मी त्या दिवसापासून त्याच्याशी कामापुरतं बोलते. त्याच्या ते अजून लक्षात आलेलं नाही.

आता हे सगळं तुम्हाला का लिहिलं ते. पुढच्या महिन्यात साहेब आणि त्यांच्या बाई अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला येतायत, आणि तिथून गडहिंग्लजला येऊन त्यांना माँजींच्या पाया पडायचंय. जयेशची झोप उडालीय. पुढच्या रविवारी तो तुमच्याकडे येईल. तुमच्या गुडघ्यांची खूप काळजी करेल, आता दगदग पुरे म्हणेल, खानावळ बंद करा म्हणेल, निदान बोर्ड तरी उतरवा, त्यावर आडनाव आहे म्हणेल. कोल्हापुरात चुलतभावाच्या फ्लॅटवर तुम्हाला चार दिवस नेऊन बसवायचं आणि तिथेच पाहुण्यांना भेटवायचं, असं त्यानं ठरवलंय. साहेबांपुढे तुम्ही काय बोलायचं, काय बोलायचं नाही, हे तुम्हाला आधीच समजावून ठेवायचं काम त्यानं माझ्यावर सोपवलंय. म्हणाला, "तुझं ऐकते ती." म्हणून हे समजावणं. साहेबांच्या बाईंनी माझ्याकडे तुमचा पत्ता मागितला होता. मी खानावळीचा दिला, बाजारपेठेचा, आणि कळवलं की बारा ते तीन तिथे फार गर्दी असते, पण तुम्ही त्यांच्यासाठी आमटी वेगळ्या पातेल्यात कराल. तुम्हाला विचारून द्यायला हवा होता, रागात राहून गेलं. उद्या जयेशला हे मी तोंडावर सांगणार आहे, आणि इशिताला घेऊन पुढच्या शुक्रवारी सकाळी तुमच्याकडे पोचतेय, त्याच्या आधी. आई, गुडघे खरंच दुखत असतील तर खानावळ खुशाल बंद करा, मी स्वतः कुलूप लावेन. पण त्याला लाज वाटते म्हणून करणार असाल, तर रविवारी तो आला की त्याला पंगतीत बसवू, आणि त्याला काय वाढायचं ते तुम्ही सांगा, वाढीन मी.

तुमचीच,
स्वरूपा