लिओच्या शेजारचा चौकोन

टूनगॅबी, सिडनी, ऑगस्ट २०२१

बाबा,

अमेरिकेतले काळे विद्यार्थी गोऱ्यांच्या हॉटेलात जेवणाच्या काउंटरपाशी जाऊन बसायचे, कोणी वाढलं नाही तरी उठायचे नाहीत. हे वर्गात शिकवताना तुमचे डोळे भरून यायचे.

ख्रिश्चन जावयाला मात्र तुम्ही कधी पंगतीला बसवलं नाहीत. ठाण्याला आलो की लिओ बाहेरच्या खोलीत चहा पिऊन निघायचा. "काउंटर अजून बंदच आहे," म्हणून हसायचा.

तो कोविडने गेला. मीही पॉझिटिव्ह, म्हणून काल त्याचा अंत्यविधी घरातून एकटीने झूमवर पाहिला. स्क्रीनवर शवपेटीच्या शेजारीच तुमचा चौकोन होता. प्रार्थना संपली, सगळे गेले. तुम्ही उठला नाहीत. कोणीतरी वाढेल म्हणून थांबल्यासारखे बसून राहिलात.

मी माइक सुरू केला नाही. हे पत्रही पाठवणार नाही.

लिओची,
सुचित्रा