सव्वीस जानेवारीची मुऱ्हाळी

वरवट बकाल,
१२ जानेवारी

प्रिय पुष्पा,

लेकी, तुला पोटभर आशीर्वाद. पाकीट पाहून म्हणशील, आईला खूळ लागलं, घरात फोन असताना कागद कायले काळा करते? पण फोनवर आपलं बोलणं ते किती! मी विचारते जेवलीस का, तू म्हणतेस हाव जेवली, तेवढ्यात तुझ्यामागं कुणीतरी खोकतं, अन् तू म्हणतेस, ठेवते आई, दूध उतू जाऊन राह्यलं. अडीच वर्षं झाली पुष्पा, तुमच्या घरचं दूध रोज उतू जातंय. म्हणून म्हटलं, लिहावं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शाळेचं तोंड पाहिलं नाही, एसटीच्या पाट्या वाचत शिकले. जिथं लागणार नाही तिथं 'खामगाव' लिहिलंय असं समजून पुढं जा.

बातमी अशी, की आम्ही सगळे सव्वीस जानेवारीची परेड बघायला बुलढाण्याला जातोय. तुझी लेक, आपली मयुरी महिला पोलिसांच्या तुकडीत चालणार आहे, पहिल्या रांगेत, डावीकडून दुसरी. शेजारच्या शकीलाच्या नौशादची काळीपिवळी जीप ठरली आहे. पहाटे चारला निघू म्हणजे सातच्या आत मैदानावर जागा धरता येईल. झेंडा सव्वानऊला आहे. तुझा भाऊ गोपाल, सूनबाई अश्विनी, तिची दोन पोरं, चुलत घरची मंडळी. शकीलाला मी बोलावलंच नव्हतं, गुडघ्यानं बेजार बाई ती. तर कुंपणावरून भांडायला उभी राहिली, "काऊन वो तानुबाई, पोरगी काय तुमच्या एकटीचीच हाय? माह्या अंगनात पळून पळून तिनं माह्या कोंबड्या वेड्या केल्या, मले नाही पाहू देत?" आता ती पुढच्या सीटवर बसणार आहे. दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी माझ्याकडं, चहाचा थर्मास तिच्याकडं.

पोरगी कशी पळायची ते तू पाहिलं नाहीस, म्हणून सांगते. अडीच वर्षांपूर्वी तुमच्याकडं तिच्या साखरपुड्याची तारीख धरलेली अन् ही एकोणीस वर्षांची पोर एक पिशवी घेऊन माझ्या दारात उभी राहिली. म्हणाली, "आजी, मले आधी भरती करू दे, मंग कोनाच्याही गळ्यात माळ घालतो." मी आत घेतली. ते माझंच केलं, त्याचं खापर तुझ्यावर फुटायला नको होतं. रोज फटफटायच्या आत ती टुनकीच्या रस्त्यानं पळायची. गोळाफेकीला गोळा नव्हता, तर माझा वरवंटा फेकायची. त्याचं एक टोक उडालं अन् महिनाभर चटणीत कचकच लागली. गोपाल दात सांभाळून जेवायचा. ज्या दिवशी यादीत नाव आलं, त्या दिवशी तिनं पहिला फोन तुमच्या घरी केला. तुझ्या सासऱ्यांनी उचलला अन् म्हणाले, "ते पोरगी आम्हाले मेली. या घरातलं कोनी तिचं तोंड पाहनार नाही." मयुरीनं फोन ठेवला, वरवंटा उचलला अन् अंधार पडेपर्यंत फेकत राहिली. भरती झाली होती तरी.

आता गोपालची गोष्ट. दिवाळीत तो तुझा मुऱ्हाळी म्हणून आला होता, तुला माहेरी न्यायला. मयुरीला तेव्हा दोन दिवसांची सुट्टी होती; मायलेकी माझ्या घरी भेटाल असा आमचा बेत. तो हात हलवत परत आला तेव्हा मी विचारलं, काय झालं रे? तर तुझ्या सासऱ्यांबद्दल म्हणतो, "उकंडमामांनी लय मान देला. चहा देला, चिवडा देला, जेवू घातलं. मंग म्हनाले, यंदा जमत नाही." मी कपाळावर हात मारला. अरे बावळटा, मुऱ्हाळी आधी तोंड गोड करत असतो काय? चहा पोटात गेला की बोलणं संपलं. जोवर 'पाठवतो' म्हणत नाहीत तोवर मुऱ्हाळ्यानं त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नसतं. पण हल्लीच्या पोरांना चिवडा दिसला की रीत दिसत नाही.

माझा बाप रीत जाणायचा. लग्नानंतरच्या दुसऱ्या आखाजीच्या सणाला तो मला न्यायला आला, तर माझ्या सासऱ्यानं सांगितलं, पाठवत नाही.  बापानं पागोटं मांडीवर घेतलं अन् ओट्यावर बसून राहिला. सासूनं तांब्या आणला, त्यानं हात जोडले. ताट आणलं, हात जोडले. मी आत भाकरी थापत होते अन् मला त्याची नुसती पाठ दिसत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीतल्या बाया येऊन सासूला म्हणाल्या, तुमच्या दारात पाहुणा उपाशी अन् तुमच्या घशाखाली घास उतरतो कसा? उन्हं कलायच्या आत माझी पिशवी भरलेली होती. मुऱ्हाळी रिकाम्या हातानं परत गेला तर त्याची नाही, घराची नाचक्की होते. हे माझ्या सासऱ्याला कळत होतं. तुझ्या सासऱ्यांना कळत नसेल असं मी म्हणणार नाही.

मयुरी म्हणते, "आजी, कोनी नाही आलं तरी चालते, मी ड्यूटीवर असनार." मग सांगते, मंचाच्या बाजूनं बसा. काऊन? तर म्हणे, तुकडी मंचापुढं आली की 'दाहिने देख' असा हुकूम सुटतो अन् सगळ्यांच्या माना एकदम उजवीकडं वळतात. म्हणजे आपण तिथं बसलो, की सरकारच्या हुकमानं तिची मान आपल्याकडं वळणार. मी तेव्हापासून विचार करते आहे, पुष्पा. तिच्या मानेला हुकूम आहे. पोटच्या पोरीकडं बघायला तुझ्या मानेला कोणाचा हुकूम लागतो?

माझ्या बरोबरीच्या कुणी सांगितलं, विधवा बाईनं मुऱ्हाळी होऊन जाऊ नये, बरं दिसत नाही. म्हटलं, बाहत्तराव्या वर्षी मला आणखी बरं दिसायचंय कुणाला? सव्वीस जानेवारीला मुऱ्हाळी धाडतात का, असंही विचारून झालं. आता धाडतात. चोवीस तारखेला मी एसटीनं मेहकरला येते, तिथून तुमच्या गावी. निळी साडी काढून ठेव, मयुरीला लांबून ओळखू येईल ती. गाडी लागते तुला, म्हणून लिंबू मी आणते आहे.

अन् आता खरं सांगते, हे पत्र फोन सोडून टपालानं का धाडलं. तुमच्या घरचं टपाल ओट्यावर येतं अन् ओट्यावर कोण बसतं, ते मला ठाऊक आहे. उकंडराव, इवाईबुवा, पाकीट तुम्हीच फोडलं असणार. माझा राग नाही. पुष्पापर्यंत पोचवा म्हणजे झालं. तुमच्याकडच्या आश्रमाच्या जत्रेत गर्दीत काही दिसेना म्हणून चार वर्षांच्या मयुरीला तुम्ही दिवसभर खांद्यावर घेऊन हिंडला होतात. घरी आल्यावर मान धरली होती तुमची, मीच आलं घालून लावायला तेल दिलं होतं. त्या पोरीला आता उंचावरून बघायला कुणाचा खांदा लागत नाही, एवढंच तर झालंय. चोवीसला दुपारी मी तुमच्या ओट्यावर बसणार. मला शुगर आहे, गोळी उपाशीपोटी चालत नाही, असं डॉक्टर म्हणतो. तरी तुमच्या घरचं पाणी मी घेणार नाही. पुष्पाला घेऊन उठेन, नाहीतर उठणार नाही, नातीची परेड तिथंच तुमच्या शेजारी बसून मोबाईलवर बघेन अन् गल्लीलाही दाखवेन. मैदानावर गोपालला मी तीन जागा धरायला सांगितल्या आहेत. एक माझी, एक पुष्पाची. तिसरी कुणाची, ते तुम्ही ठरवा. आधी 'हाव' म्हणा, मग चहा टाका. बिनसाखरेचा.

तुझीच मुऱ्हाळी,
आई