भाऊंच्या पायाखालचा हेडर

२ मार्च, रविवार

डायरी एक जानेवारीपासून लिहिणार होतो. मग संक्रांत ठरली, मग महाशिवरात्र. आळस नव्हे. लिहिण्यासारखं काही घडायला नको का? आज घडलं. भाऊंनी जीपची चावी माझ्या हातात दिली. आयुष्यात पहिल्यांदा.

भाऊ म्हणजे माझे थोरले काका. शिमग्याआधी महिनाभर चप्पल घालत नाहीत, गावच्या पालखीचा नेम. जीपसुद्धा अनवाणी चालवतात. आणि इंजिनातला जळका धूर बाहेर नेणारे चार पाईप, म्हणजे हेडर, नेमके त्यांच्या पायांजवळून जातात. भाऊ म्हणाले, पाय भाजतत रे माझे, तेवढा बघ. पंधराला पहाटे कोकणात गावी निघायचं, सोळाला पालखी तिथल्या घराच्या दारात.

सोपं आहे. हेडरवर उष्णता आत अडवणारं कोटिंग मारायचं. तडक नाहूरला प्रीतमच्या गॅरेजमध्ये जीप लावली, हेडर सोडवून खाली ठेवला. प्रीतम म्हणाला, सौऱ्या, आधी ठरव ना काय मारायचं, मग सोडव. शाळेपासून हा असाच, भित्रा. सुटा पाईप डोळ्यांसमोर असला की निर्णय पटकन होतो.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती लगेच फोन घेऊन गॅलरीत गेली.

निश्चय: उद्या कोटिंग फायनल.

४ मार्च

काल राहिलं. आज फायनल. पर्याय असे: सिरॅमिक, मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक जण करून देतो, भट्टीत भाजून. एक नंबर. नाहीतर हीट रॅप, म्हणजे पाईपला बँडेजसारखी पट्टी गुंडाळायची. कोकणातल्या दमट हवेत आतून गंजणार, बाद. आणि काळा स्प्रे, डबा हलवा नि मारा. तो लोकांना फसवायला असतो.

सिरॅमिक! मन एकदम हलकं झालं. मग जुन्या बसमध्ये घर करून देशभर फिरणाऱ्या एका माणसाचे व्हिडिओ बघितले. बसलाही हेडर असेलच, म्हणजे अभ्यासच.

६ मार्च

मरोळला गेलो. वाटेत सुक्या मासळीचा बाजार लागला. भाऊंसाठी सोडे घ्यावेत म्हटलं. चार ठिकाणी वास घेऊन चांगले निवडले. घेतल्यावर आठवलं, नेमात भाऊ मासे खात नाहीत.

पोचलो तर शटर खाली. शेजारचा वॉचमन म्हणाला, गुरुवारी बंद असतं, फोन करून यायचं ना. हेडर गॅरेजमध्येच विसरलो होतो, त्यामुळे तसं नुकसान काही नाही.

आईने रात्री सोड्यांचं कालवण केलं. झकास.

७ मार्च

मरोळवाल्याला फोन केला. म्हणाला, आठ दिवस लागतील, मध्ये होळी आहे म्हणजे दहा धरा. मी रविवारीच आलो असतो तर? तर झालं असतं म्हणाला. ही बोलायची पद्धत आहे का?

नीट विचार केला. सिरॅमिक म्हणजे शेवटी चिनीमाती. घरातल्या कपबशा बघा, एक धड नाही. बरंच झालं.

९ मार्च

खालच्या मजल्यावरचे चंद्रप्रकाश काका ट्रॉम्बेला अणुसंशोधन केंद्रात आहेत. उष्णतेतलं त्यांच्याइतकं कोणाला कळणार? चार वाजता गेलो. चहा झाला. पाईप, पाय, पालखी, सगळं समजावलं. काका म्हणाले, बाळा, मी तिथे पगारपत्रकं करतो. तरी विचारलं, अंदाजे काय मारू? म्हणाले, मारायचा तो रंग मार, पण लवकर मार, भाऊ माझ्याकडे दोनदा चौकशी करून गेले.

दोनदा? माझ्याकडे का नाही आले?

१० मार्च

स्प्रे घेतला. मुळात स्प्रेच योग्य होता. डब्यामागे लिहिलंय: थिनरने तेलाचा अंशही पुसून काढा, उघड्या हाताने शिवू नका, तीन पातळ हात द्या. मग इंजिन थोडं चालवा, गार होऊ द्या, पुन्हा जास्त चालवा. म्हणजे रंग भाजून पक्का होतो. पोरखेळ आहे. तरी दोनदा वाचलं.

११ मार्च

हेडर थिनरने असा धुतला की तोंड दिसावं. ग्लोव्हज घालून. प्रीतमसुद्धा म्हणाला, पहिल्यांदा काहीतरी नीट केलंस.

मग वाटलं, पालखीचं काम आहे, असंच कसं सुरू करायचं? खोबरेल तेलात कुंकू कालवलं आणि बोटाने पाईपवर मधोमध 'श्री' काढला. प्रीतम किंचाळला, अरे येड्या, तेल! पूस ते! मी शांतपणे विचारलं, देवाचं नाव थिनरने पुसू? तू पुसशील? त्याने चिंधी उचलली, जरा वेळ धरली, परत ठेवली. म्हणाला, मी नाही रे बाबा, होळी तोंडावर आहे.

कोणीच पुसेना. शेवटी वरूनच तीन हात मारले. आत आशीर्वाद, बाहेर काळा रंग. याहून पक्कं कोटिंग मरोळलासुद्धा मिळणार नाही.

१३ मार्च, होळी

हेडर बसवला. इंजिन सुरू केलं. थोडंच चालवून बंद करायचं होतं, पण नाक्यावर होळी रचत होते आणि एरंडाची फांदी उभी करणाऱ्यांना काही जमत नव्हतं. मी दोन मिनिटं हात लावायला गेलो.

प्रीतमची हाक ऐकून धावलो. बॉनेटखालून धूर. कुंकवाच्या जागचा रंग सोलून निघालेला. काळ्या पाईपवर लख्ख चकाकता 'श्री'. आणि त्याच्या कडेने बाकीचा रंग वाळक्या सालीसारखा उलगडत होता. कोपऱ्यात पोरांनी फुगे भरायला बादली ठेवली होती. मी ती ओतली.

टण्णकन आवाज आला. पाईपला चीर. आता जीप ट्रॅक्टरसारखी ओरडते आणि पायाखालचा पत्रा तव्यासारखा तापतो. प्रीतमने पाय टेकवला आणि उडालाच. आधी हसला. मग हसला नाही.

१४ मार्च, धुळवड

सगळे वेल्डर बंद. एक भेटला तो नखशिखांत हिरवा, मला ओळखून मिठी मारत होता, मी त्याला ओळखत नव्हतो. कोकणच्या रेल्वे फुल्ल. एसटीत उभं राहायलाही जागा नाही.

संध्याकाळी भाऊंचा फोन. गाडी झाली मा? मी म्हणालो, फक्त फायनल टच. भाऊ म्हणाले, पालखी इली आणि दाराक कुलूप गावला, तर ती थांबाची नाय रे. तुझ्या आज्यापासून घर कधी बंद नाय ठेवलंव.

उद्या खरं सांगणार. पहाटे उठून पहिल्यांदा तेच. आत्ता सांगितलं तर त्यांची झोप जाईल.

१५ मार्च, पहाटे

झोप माझीच गेली. वाक्य पाठ करत बसलो होतो, तेवढ्यात खाली हॉर्न. टेम्पोचा.

आई कुठेतरी निघाल्यासारखी साडी नेसून तयार. म्हणाली, सहदेव आला. गावच्या वाडीतला सहदेव, काजू घेऊन वाशी मार्केटला येतो आणि रिकामा परत जातो. मी म्हटलं, हा इथे कसा? मी बोलावला, आई म्हणाली. कधी? तू पाईप सोडवून आलास ना, त्या दिवशीच.

खाली गेलो. भाऊ आधीच पुढच्या सीटवर, अनवाणी पाय गोणपाटावर ऐसपैस टेकवून. पाठ केलेलं वाक्य आठवेना. चावी पुढे केली.

भाऊ म्हणाले, ठेव तुझ्याकडेच. गाडी आता खंय जाता?